पहिलं गिऱ्हाईक कोण होणार?

गेल्या पावसाळ्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या नवउद्योजक स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. आम्ही पाच जण, समोर पाण्याच्या बाटल्या, मागं भला मोठा फ्लेक्स. सातव्या की आठव्या नंबरला एक पोरगा आला. त्यानं मोल्डिंगच्या वाळूतली ओल मोजणारं यंत्र बनवलं होतं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. फाउंड्रीत लोखंड ओततात ते वाळूच्या साच्यात. त्या वाळूत बेंटोनाइट माती आणि पाणी कालवलेलं असतं. पाणी तीन-चार टक्क्यांच्या आसपास राखावं लागतं. वाढलं तर तापलेला रस पडताच वाफ धरते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (वाफेची पोकळ भोकं) पडतात. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात. दोन्हीकडून रिजेक्शनच. मोठ्या फाउंड्रीत त्यासाठी प्रयोगशाळा असते. लहान ठिकाणी जुना मोल्डर वाळूची मूठ आवळतो, उघडतो, गोळ्यावर उमटलेली बोटं बघतो आणि म्हणतो, "मार अजून थोडं पाणी." तो निवृत्त झाला की त्याची मूठही त्याच्याबरोबर घरी जाते. या पोरानं त्या मुठीचं काम करणारं यंत्र बनवलं होतं, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे खर्च आला होता साडेअकरा हजार रुपये.

परीक्षकांनी प्रश्न विचारले. बाजारपेठ केवढी? स्केल कसं करणार? पेटंट घेतलंस का? उद्या चिन्यांनी निम्म्या किमतीत आणलं तर? पोरगं घाबरत घाबरत उत्तरं देत होतं. शेवटी "तुला काही विचारायचंय का?" असं सूत्रसंचालिकेनं म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, तुमच्यापैकी कुणाची फाउंड्री असली तर महिनाभर हे लावून बघाल का? पैसे नकोत."

पाचांपैकी दोघांच्या फाउंड्र्या होत्या. एक म्हणाले, "छान आहे, ये एकदा भेटायला." दुसऱ्यांना नेमका तेव्हाच फोन आला. मी पॅटर्नवाला, म्हणजे साच्याचा नमुना बनवणारा, माझ्याकडं वाळूच नाही, म्हणून मीही सुटलो. पोराला दुसरं बक्षीस मिळालं: प्रशस्तिपत्र, फोटोपुरता मोठा पुठ्ठ्याचा चेक, आणि इनक्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना जागा नि सल्ला देणाऱ्या केंद्रात, सहा महिने फुकट बसायची जागा. त्याला हवी होती धुळीनं आणि उष्णतेनं भरलेली फाउंड्री. आम्ही त्याला दिली एसीतली खुर्ची.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्यासारख्या शहरात नव्या उद्योजकाला कशाची वानवा आहे? कल्पनेची नाही, हुशारीची तर नाहीच, आणि हल्ली जागेची नि व्याख्यानांचीही नाही. वानवा आहे ती पहिल्या गिऱ्हाईकाची. नवउद्योजकांच्या नावानं आपण जे जे उभारतोय त्यात हे गिऱ्हाईक सोडून बाकी सगळं आहे.

इनक्युबेटर हा शब्दच मुळात गंमतीनं आला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटाविया नावाचं छोटं शहर आहे. तिथला शेतीयंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला. ती अवाढव्य इमारत मन्कुसो नावाच्या स्थानिक व्यापारी कुटुंबानं घेतली. एवढी जागा भाड्यानं घेणारा एकच कुणी मिळेना, तेव्हा १९५९ मध्ये जोसेफ मन्कुसोंनी तिचे तुकडे पाडून लहान-लहान धंद्यांना द्यायला सुरुवात केली. भाडेकरूंना कार्यालयाच्या सोयी, सल्ला, पैसा उभा करायला मदत, असं सगळं ते बघत. त्यातच कोंबडीची पिल्लं उबवणारी एक कंपनी भाडेकरू म्हणून आली, आणि आल्यागेल्याला इमारत दाखवताना मन्कुसो या जागेला विनोदानं 'इनक्युबेटर' म्हणू लागले. आपल्या कोल्हापुरातही पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथल्या माणसाला विचारा, अंड्याला ऊब किती दिवस द्यायची. एकवीस दिवस. त्यानंतर पिल्लू बाहेर आलंच पाहिजे आणि त्यानं दाणे टिपलेच पाहिजेत. ऊबच द्यायची ठरवली आणि दाण्यांची सोयच केली नाही, तर ते केंद्र कसलं?

म्हणजे ही कल्पना जन्मली ती एका लहान शहरात, बंद कारखान्यात, गावच्याच व्यापाऱ्याच्या हातून. आपल्याकडं ती पोचेपर्यंत तिच्यातला व्यापारी गळून पडला आणि इमारत तेवढी राहिली.

कोल्हापूरला खरं तर हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. शिवाजी उद्यमनगर ही आमची लहान कारखान्यांची वसाहत, ती दुसरं काय आहे? कुणी तिथं इनक्युबेटरची पाटी लावली नाही, पण ऑईल इंजिनच्या जमान्यापासून आजच्या ट्रॅक्टर-मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत जे काही या शहरानं बनवलं, त्यातल्या किती जणांची सुरुवात तिथल्या दहा बाय वीसच्या गाळ्यांत झाली! जिल्ह्यात आज अडीच-तीनशे फाउंड्र्या आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा एमआयडीसी झाल्या, पण त्यातल्या कित्येक मालकांची मुळं उद्यमनगरातच सापडतील.

मी स्वतः तिथं १९९२ मध्ये पॅटर्न शॉप टाकलं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नमुना, ज्याचा ठसा वाळूत उमटवून साचा तयार होतो. माझ्याकडं एक वर्कबेंच, हत्यारांची पेटी आणि एक जुनं ड्रिल. बँडसॉ शेजारच्याचा, तासावर पैसे. लाकूड वखारीतून उधारीवर. टर्निंगचं काम समोरच्या गाळ्यात, हीट ट्रीटमेंट पलीकडच्या गल्लीत. ड्रॉइंग कळलं नाही तर चहाच्या टपरीवर कुणीतरी समजावून सांगणारा भेटायचाच. आणि पहिली ऑर्डर? एका फाउंड्रीतल्या गिअरबॉक्स हाउसिंगच्या मोडक्या पॅटर्नची दुरुस्ती. मालक म्हणाले, "बिघडवलंस तर बिघडवलंस, तसंही ते भंगारातच जाणार होतं." यापेक्षा चांगली 'सीड स्टेज', म्हणजे अगदी सुरुवातीची, मदत मला तरी अजून कुठल्या योजनेत दिसलेली नाही.

इथवर ही गोष्ट मी अनेक सत्कारांत सांगितलीय आणि टाळ्या घेतल्यात. पुढचा भाग सांगायचा राहून जातो. ते मालक मला काम द्यायला तयार झाले कारण माझे वडील त्यांच्याकडं बावीस वर्षं कामाला होते. वखारवाल्यानं उधारी दिली कारण तो आमच्या गल्लीतला. तिथं चालणारं चलन पैशाचं नव्हतं, ओळखीचं होतं. ज्याच्याकडं ती ओळख नव्हती, ज्याचं आडनाव वेगळं होतं, जी बाई होती, जो राधानगरीच्या वरच्या वाडीतून पहिल्यांदाच शहरात आला होता, त्याला उद्यमनगरानं नोकरी दिली, पण गाळा क्वचितच मिळाला. आमच्या गल्लीत माझ्या सगळ्या काळात स्वतःच्या नावावर मशीन शॉप चालवणारी बाई मी एकही पाहिली नाही. नवरा गेल्यावर हिशेब बघणाऱ्या दोघी होत्या, तेवढंच.

म्हणून 'आमच्या काळी कुठलं आलंय इनक्युबेटर' असं म्हणणाऱ्या माझ्या पिढीच्या लोकांशी माझं पटत नाही. ज्यांना बाप-काकांनी इनक्युबेट केलं त्यांनी इतरांच्या इनक्युबेटरला हसू नये. सार्वजनिक मदतीची गरज आहे, आणि ती नेमकी याचसाठी आहे की ओळखीच्या बाहेरच्यालाही पहिली ऑर्डर मिळावी.

कोल्हापुरात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला स्वच्छ कळली होती. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा टाकायला सांगितलं, पैसेही दिले. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल सुरू झालं. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही. महार माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांनी आपली गाडी तिथं थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. संस्थानाचा धनी जिथं पितो तिथं नाही म्हणायची सोय कुणाला उरली?

ही गोष्ट आपण समतेचा धडा म्हणून शाळेत शिकतो, ते बरोबरच आहे. पण मला ती धंद्याचीही गोष्ट वाटते. भांडवल मिळूनही हॉटेल बसलं असतं. ते तरलं भांडवलानंतरच्या गोष्टीनं, म्हणजे महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले त्यानं. अनुदान मंजूर करून ते राजवाड्यात बसून राहिले असते तर आज गंगाराम कांबळ्यांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

त्याच काळात या पट्ट्यात अशी उदाहरणं बरीच सापडतात. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला तो जहागीरदार घोरपड्यांच्या पाठबळावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची ३२ एकर जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाबूराव पेंटरांना १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढायला पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. आजच्या भाषेत त्या कोल्हापूरच्या पहिल्या एंजल इन्व्हेस्टर, म्हणजे नव्या धंद्यात स्वतःचा पैसा घालणाऱ्या. आपल्या कुठल्याही स्टार्टअप परिषदेत त्यांचा फोटो मी पाहिलेला नाही.

पण संस्थानिकांच्या आठवणी काढून उसासे टाकण्यात अर्थ नाही. ती एकेका माणसाची मर्जी होती. शेजारच्या संस्थानात जन्मलेल्याला तेवढंच हुशार असूनही काही मिळत नसे. आता मर्जी नको, व्यवस्था हवी. महाराजांची गाडी जे काम करत होती ते आता कोणी करायचं, एवढाच प्रश्न आहे.

कागदावर उत्तरं आहेत. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यातही चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि तीन टक्के महिलांच्या उद्योगांकडून. महाराष्ट्राचं स्टार्टअप धोरण २०१८ मध्ये आलं. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात तर फार चांगली कल्पना राबवली गेली: निवडलेल्या २४ जणांना पुठ्ठ्याच्या चेकऐवजी सरकारी खात्याकडून १५ लाखांपर्यंतचं प्रत्यक्ष काम. म्हणजे सरकारच पहिलं गिऱ्हाईक. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत या विषयात सरकारला सुचलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

पण ती घडते राज्याच्या पातळीवर, वर्षातून एकदा, संपूर्ण महाराष्ट्रातून दोन डझन जणांसाठी. तेच काम कोल्हापूर महापालिका का करत नाही? जिल्हा परिषद का करत नाही? पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण पाहिलं. कुठल्या गल्लीत पाणी कधी शिरेल हे सांगणारी यंत्रणा, गळणाऱ्या जलवाहिन्या शोधणारी उपकरणं, फाउंड्रीतल्या टाकाऊ वाळूचे पेव्हर ब्लॉक, नदीत जाणारं सांडपाणी मोजणारी साधनं: या शहराच्या अडचणी म्हणजे इथल्या नव्या उद्योजकांची ऑर्डर बुकं आहेत. पण टेंडरच्या अटी वाचा. तीन वर्षांची उलाढाल, अशाच कामाचा अनुभव, अनामत रक्कम, आणि शेवटी सगळ्यात कमी दर. नव्या माणसानं अनुभव आणायचा कुठून? काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय काम नाही.

यातून मान्यताप्राप्त स्टार्टअपला सूट मिळते, असं सांगतात. मिळते. पण स्टार्टअप कुणाला म्हणायचं? ती मान्यता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशांना मिळते, एकट्या मालकाच्या प्रोप्रायटरशिपला नाही. आणि उद्यमनगरात नवं काही करून बघणारा माणूस जवळजवळ नेहमी प्रोप्रायटर असतो. त्याच्याकडं 'उद्यम' ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असते, जीएसटी नंबर असतो, लेथ असतो, कामगार असतात, पण तो 'स्टार्टअप' नसतो. कंपनी केली तर वर्षाला सीएचा खर्च, ऑडिट, रिटर्न. महिना वीस-पंचवीस हजार कसेबसे सुटणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. त्यामुळं होतं काय, की लेथ नसलेली पण कंपनी असलेली मुलं योजनेत बसतात, आणि लेथ असलेला माणूस बाहेर राहतो. दोघांची गाठ घालून द्यायला हवी. तेच तर इनक्युबेटरचं काम आहे!

सरकारपेक्षाही मोठं गिऱ्हाईक या जिल्ह्यात आहे: सहकार. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या. यांचे अध्यक्ष इनक्युबेशन सेंटरच्या उद्घाटनाला येतात, नारळ फोडतात, 'तरुणांनी नोकऱ्या मागण्यापेक्षा देणारे व्हावं' असं भाषण करतात. त्यांना एकच विचारावंसं वाटतं: तुमच्या कारखान्यानं गेल्या हंगामात जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या पोराची एक तरी वस्तू लावून बघितली का? साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. बॉयलर, मिल, सेंट्रिफ्यूगल यांवरची कुठलीही चाचणी त्याच काळात व्हायची. इनक्युबेटरचं वर्ष मात्र कॉलेजच्या वर्षाला बांधलेलं. डिसेंबरात परीक्षा, जानेवारीत गॅदरिंग, मार्चमध्ये अहवाल, आणि मेंटॉरची भेट ठरते एप्रिलमध्ये, जेव्हा कारखान्याच्या धुराड्यातून धूर येणं बंद झालेलं असतं. एक हंगाम चुकला की पोराचं एक वर्ष जातं, आणि एका वर्षात पुण्यातली नोकरी सहज मिळते.

फाउंड्रीमालकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण माझी सगळी रोजीरोटी त्यांच्यावर चालली. "ये एकदा भेटायला" म्हणणारा माणूस कोत्या मनाचा नसतो. पोराचं यंत्र चुकीचं सांगू लागलं आणि एका पाळीची वाळू बिघडली तर? समजा अर्धा टन कास्टिंग रिजेक्ट झाली. किलोला शंभर रुपये धरले तरी पन्नास हजार गेले. वर डिलिव्हरी चुकली म्हणून वरच्या कंपनीनं दंड लावला, मार्क कमी केले, तर पुढच्या वर्षीचं शेड्यूल जातं. पन्नास हजारांसाठी पन्नास लाखांचं गिऱ्हाईक कोण पणाला लावील? उद्या तुमच्या यंत्रानं माझ्या धंद्याची वाट लावली तर भरून कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आज कुणाकडंही उत्तर नाही.

माझं म्हणणं असं, की इनक्युबेटरचा पैसा इथं लागला पाहिजे. चाचणी घेणाऱ्या कारखान्याचं नुकसान झालं तर ते एका मर्यादेपर्यंत भरून द्यायचा निधी ठेवा. दहा चाचण्यांतल्या तीन बिघडल्या आणि प्रत्येकी पन्नास हजार द्यावे लागले, तर दीड लाख झाले. हॉटेलच्या हॉलमधल्या एका दिवसाच्या परिषदेला, जेवण, बॅगा आणि पाहुण्यांच्या विमानाच्या तिकिटांसह, याहून जास्त लागतात. यासाठी नवी योजनाही लागत नाही. स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना २०२१ मध्ये आली. तिच्यात २० लाखांपर्यंतचं अनुदान प्रोटोटाइप आणि उत्पादनाच्या चाचण्यांसाठीच तर ठेवलं गेलं. पण तो पैसा पोराला मिळतो. चाचणीची जोखीम घेणाऱ्या मालकाचं रिकामं पोतं रिकामंच राहतं.

दुसरी गोष्ट पैशाची, म्हणजे झालेल्या कामाच्या पैशाची. मी एका बड्या कंपनीच्या व्हेंडरसाठी काम केलं होतं, नाव सांगत नाही. तीन पॅटर्नचे सेट दिले, ते पास झाले, त्यावर माल बाहेरही पडला. माझं बिल निघालं सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत मी बायकोचे दागिने गहाण ठेवून दोन कामगारांचे पगार दिले. कायदा तेव्हाही होता. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. २०१७ मध्ये तक्रारीसाठी समाधान पोर्टलही आलं. आणि आता तर आयकर कायद्यात तरतूद आली, की वेळेत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही. तरी तक्रार कोण करणार? व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतला नंबर, एकदा गेला की गेला. नवा माणूस तर तोंडच उघडत नाही. सात महिने मीही उघडलं नव्हतं.

इनक्युबेटरनं इथं मध्ये उभं राहायला हवं. पोराच्या वतीनं बिलाची आठवण करणारं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर गेलं तर त्याचा कोड जात नाही. बिलाच्या भरवशावर बँकेकडून थोडे दिवस पैसे उचलायची सोय करून द्या. यात झगमगाट नाही, फोटो नाही, म्हणून हे कुणी करत नाही. 'कोडिंग बूटकॅम्प'चा फोटो निघतो. थकलेल्या बिलाच्या वसुलीचा कसला काढणार?

माझ्या एका मित्राचा यावर आक्षेप आहे. तो म्हणतो, तुम्ही पोरांना गावात अडकवताय. स्थानिक गिऱ्हाईक, स्थानिक अडचण, स्थानिक फाउंड्री. अशानं जगात विकायची वस्तू कशी तयार होणार? सॉफ्टवेअर करणाऱ्याला तर गावाशी देणंघेणंच नाही, त्याचं गिऱ्हाईक टेक्सासमध्ये असतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्याचं बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्या मुलांना चांगलं इंटरनेट, शांत खोली आणि सल्लागार यांवर भागत असेल तर ते द्यावं. पण हाताला लागणारी वस्तू बनवणाऱ्याची गोष्ट वेगळी. लोखंडी नांगराला किर्लोस्करांना गिऱ्हाईक मिळता मिळत नव्हतं. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. तो समज लंडनच्या बाजारात नाही, इथल्याच काळ्या रानात मोडून काढावा लागला. पुढं त्याच घराण्याची यंत्रं देशोदेशी गेली. शिरोलीतली एक फाउंड्री जे यंत्र रोज तीन पाळ्या वापरते, ते राजकोट आणि कोइमतूरला विकणं सोपं जातं. शिरोलीतच कुणी हात लावत नसेल तर कोइमतूरवाला पहिला प्रश्न तोच विचारणार.

इनक्युबेटर कुणी चालवावा यावरही थोडं बोलायला हवं. महाविद्यालयांनी चालवू नये असं मी म्हणत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून चाललंय आणि महागडी उपकरणं नव्या कंपन्यांना वापरू देणं हे त्याचं मोठं बळ आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत थ्रीडी प्रिंटर काचेच्या कपाटात असतो आणि किल्ली सुटीवर गेलेल्या सरांकडं. संध्याकाळी पाचला कुलूप. उद्यमनगरात तर खरं काम पाचनंतर सुरू होतं, कारण दिवसा दुसऱ्याचं जॉबवर्क असतं. छत्रपती संभाजीनगरात 'मॅजिक' ही संस्था मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकारानं उभी राहिली. मला ती वाट जास्त योग्य वाटते. कारखानदारांचीच संस्था असेल तर गिऱ्हाईक, मेंटॉर आणि मशीन एकाच छताखाली बसतात. कोल्हापुरात इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या संघटना आहेत, फाउंड्रीवाल्यांची शाखा आहे. वीजदर वाढले की हीच मंडळी 'कर्नाटकात जातो' म्हणून एका आवाजात बोलतात. तेवढ्याच एकीनं वर्षाला प्रत्येकी एक चाचणी घ्यायचं ठरवलं तरी शे-दीडशे चाचण्या होतील.

आणि हिशेब बदला. आज इनक्युबेटरच्या वार्षिक अहवालात काय असतं? किती स्टार्टअप 'इनक्युबेट' केले, किती कार्यक्रम झाले, किती सामंजस्य करार झाले, किती चौरस फूट. माझ्या मते एकच आकडा विचारावा: किती जणांना त्याच गिऱ्हाईकाकडून दुसरी ऑर्डर आली? पहिली ऑर्डर ओळखीनं, दयेनं, वरून फोन आल्यानं मिळू शकते. दुसरी फक्त वस्तू चालली म्हणूनच मिळते. ज्या वर्षी हा आकडा शून्य असेल त्या वर्षी तसं छापायची हिंमतही असावी. पाच वर्षांत केंद्राकडून कोट्यवधींचं अनुदान घेणाऱ्या संस्थेला एवढं विचारणं म्हणजे तिचा अपमान नव्हे.

वाळूची ओल मोजणारा तो पोरगा गेल्या महिन्यात भेटला. चाकणला नोकरीला लागलाय, पगार बरा आहे. यंत्र कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाला, घरी माळ्यावर. सहा महिने त्या सेंटरमध्ये बसला, चार मेंटॉर भेटले, चौघांनी प्रेझेंटेशन सुधारून दिलं.

यंदाच्या स्पर्धेचं निमंत्रण परवा आलं. मी आयोजकांना फोन करून म्हटलं, येतो, पण एक अट आहे: प्रत्येक परीक्षकानं येताना पर्चेस ऑर्डरचं पुस्तक आणायचं, आणि निदान एक ऑर्डर तिथंच फाडून द्यायची, हजाराची का असेना. पलीकडं थोडा वेळ शांतता.

"सर," ते म्हणाले, "मग परीक्षकच मिळायचे नाहीत."